बादलचा साडू

कस्तुरानं नवऱ्याचा उजवा हात उचलला, माझ्या दळणाच्या काट्यावर ठेवला आणि म्हणाली, "पाहा बाई, काय वजन भरते. तुमाले सही कराले बरं पडन."

गुरुवार होता, बाजाराचा दिवस. चक्कीवर दळणाचे डबे दारापर्यंत लागलेले. पट्टा फिरत होता, बायका एकमेकींना रेटत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या मधून कस्तुरा नवऱ्याला दंडाला धरून आत घेऊन आली होती. बादल मान खाली घालून उभा. हाताला हळदीत भिजवलेलं लुगड्याचं फडकं गुंडाळलं होतं, ते तिनं तिथंच सोडलं. मनगट टम्म फुगलेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाकीच्या बोटांना पाठ करून वळलेली. मी खटका पाडून चक्की बंद केली. पट्टा थांबला तशा बायकाही गप्प झाल्या.

तो हात मी चांगला ओळखत होते. बादल पवार टाकणकार पारधी. नाल्यापलीकडच्या बेड्यावर त्यांची आठ-दहा घरं. जात्याला, चक्कीच्या दगडाला टाकी लावायचं काम त्यांच्यात बापजाद्यांपासून चालत आलेलं. महिना-दीड महिन्यात दगड गुळगुळीत झाले की पीठ गरम पडायला लागतं. मग मी बेड्यावर निरोप धाडायची. बादल छन्नी-हातोडी घेऊन यायचा, वरचा दगड उलटा करायचा आणि तीन तास मान वर न करता ठोकत बसायचा. सगळं गाव त्याच्या टाकीचं पीठ खायचं, आणि त्याला अंगणात पाय ठेवू द्यायला अर्धं गाव तयार नसायचं.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"तुमाले माईत नाही?"

"मला कसं माहीत असणार, कस्तुरा?"

"तुमची सही हाय ना कागदावर. ठाण्यात जमादारानं दाखवली. म्हणे, तुमच्या अध्यक्षबाईनं मिटवलं, आता काहून बोंबलून राहिली."

रांगेतल्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, "नीट सांग. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून काय सांगू? सोमवारी सकाळी गाडी आली बेड्यावर. गुणवंतरावच्या मोटरीचा वायर चोरीले गेला म्हणे. ह्याले गाडीत टाकून नेलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी तीन दिवस ठाण्यासमोरच्या पानठेल्यापाशी बसून होती. आतून आवाज आला तवा उठली, तं शिपाई म्हणे, बस खाली. काल सांजीले सोडलं."

"टेबलावर ठेवाले लावला हात," बादल म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला. "म्हणे, ह्याच हातानं वायर कापला ना."

अध्यक्षबाई म्हणजे मीच, इंदू भारसाकळे. नववी पास, नवरा गेल्यापासून चक्की चालवणारी. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेनं हात वर करून मला तंटामुक्त समितीची अध्यक्ष निवडलं होतं. गावातलं भांडण ठाण्यात जायच्या आधी समितीपुढं यायचं. दोघांना समोरासमोर बसवायचं, बोलतं करायचं, मिटलं की छापील तडजोडनामा भरायचा आणि खाली अध्यक्षानं सही करायची. ठाण्यात आपल्या गावच्या माणसाला कसं वागवतात यावर नजर ठेवणंही आमच्याकडेच. ज्या गावात तंटा उरला नाही त्या गावाला सरकारचा पुरस्कार. माझ्या आधीचा अध्यक्ष दोन्ही घरचा चहा पिऊन कोणाचंच मिटवत नसे. मी पहिल्याच वर्षी बांधाची नऊ भांडणं मिटवली. डोक्यात हवा गेली नव्हती असं मी म्हणणार नाही. ठाण्यात पाय ठेवला की ठाणेदार स्वतः उठून "या ताई" म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

पण बादलच्या नावानं मी कशावरच सही केली नव्हती. तसं मी छातीठोकपणे सांगणारच होते. तोंड उघडलं, आणि मला तो जूनमधला दिवस आठवला.

त्या दिवशीही अशीच रांग होती. जमादार गावंडे फटफटीवरून आला, हातात तडजोडनाम्याचे कोरे कागद. "ताई, दर खेपेले तुमाले चक्की बंद करा लागते," तो म्हणाला. "दहा-अकरा कागदाईवर सही करून ठेवा. किरकोळ काही मिटलं तं मी भरून घेत जाईन. नक्कल पंचायतीत धाडतो." मला त्याचा मोठेपणाच वाटला. उभ्याउभ्या, पिठाच्या हातानं मी सह्या ठोकल्या. अकरा. आकडा पक्का आठवतो, कारण अकराव्या कागदावर पेन उठेना आणि सही दोनदा गिरवावी लागली.

मी चक्कीला कुलूप लावलं. एक बाई म्हणाली, "माहं दळण?" मी म्हटलं, "उद्या." आणि कस्तुरा-बादलला घेऊन पंचायतीत गेले.

ग्रामसेवक बैठकीला गेलेला होता. शिपायानं कपाट उघडून समितीची फाईल दिली. ती फाईल मी सहा महिन्यांत उघडली नव्हती, हे इथंच सांगून टाकते. वरचाच कागद बादलचा होता. पंचायतीचा आवक शिक्का कालचा. मी मोठ्यानं वाचला.

"बादल पवार व त्याचा साडू संजय चव्हाण यांच्यात मंगळवार रोजी दारूच्या नशेत झटापट होऊन बादल यास हातास किरकोळ दुखापत झाली. समितीसमोर दोघांनी प्रकरण आपसात मिटविले. कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही. दोघांस समज देण्यात आली."

खाली माझी सही. दोनदा गिरवलेली.

"कोण साडू?" कस्तुरानं विचारलं.

"संजय चव्हाण लिहिलंय."

"बाई, साडू म्हणजे माह्या बहिणीचा नवरा ना?"

"हो."

"मले बहीणच नाही," ती म्हणाली. "तीन भाऊ हायेत. बहीण नाही. मंग ह्याले साडू कुठून आला? माह्या मायनं कोणाले देऊन टाकली असन अन् मले सांगतलं नसन तं माईत नाही."

शिपाई फिसकन हसला आणि माझा चेहरा पाहून बाहेर निघून गेला. गावंड्यानं कागद भरताना फार डोकं चालवलं नव्हतं. बेड्यावरची माणसं दारू पितात, साडू-साडू भांडतात, हात-पाय मोडून घेतात, एवढं त्याच्या डोक्यात तयारच होतं. बादलला साडू आहे की नाही हे विचारावं असं त्याला वाटलं नाही, कारण ते कोणी वाचणार नव्हतं. वाचायचं काम माझं होतं.

मी खालचे कागद काढले. आणखी सहा निघाले. पंचफुला खंडारेनं छेडछाडीची तक्रार दिली होती, ती "गैरसमज दूर झाल्याने" मिटलेली. एका सालगड्याला मालकानं पराणीनं झोडलं होतं, ते "घरगुती कारण". बेड्यावरच्या दोन पोरी सरकारी विहिरीवरून हाकलल्या, तो "पाण्याच्या पाळीचा वाद". सात कागद, सातही नावं नाल्यापलीकडच्या बेड्यावरची नाहीतर पांदणीच्या वाटेपलीकडच्या खालच्या वस्तीतली. एकही माणूस माझ्यापुढं आलेला नव्हता. सातही जणांना समज देण्यात आली होती. आणि आम्ही मात्र दोन वर्षं वेशीवर फलक लावून बसलो होतो की आमच्या गावात तंटाच नाही.

त्या फाईलनंच गावंड्याचं थोबाड फोडावं असं वाटलं, आणि मग आपलंही फोडावं असं वाटलं.

तेवढ्यात गुणवंतराव आले. गावाचे उपसरपंच, समितीचे सदस्य, आणि वायर ज्यांचा गेला ते हेच. माझं नाव ग्रामसभेत त्यांनीच सुचवलं होतं. माझ्या मालकांना ते दादा म्हणायचे, म्हणून मी वहिनी.

"वहिनी, बाजाराच्या दिवशी चक्की बंद?" ते म्हणाले. मग त्यांना बादल दिसला. "अरे. लय लागलं का रे?"

मी विचारलं, "गुणवंतराव, वायरचं काय झालं?"

"वायरचं काय. होते असं."

"सापडला का?"

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "सापडला."

"कुठं?"

"आमच्या जावयानं मोटर वाइंडिंगले नेली. तिच्यासंगं वायर बी काढून नेला. सांगतलंच नाही ना त्यानं कोणाले."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी केव्हा?"

"सांजीले," ते म्हणाले. "जावई आला तवा."

मी म्हटलं, "आणि ठाण्यात फोन केला नाही?"

"म्हटलं, पारधी हाय, त्याले काय नवं हाय ठाणं. दोन दिवसात सोडतीन. मीच जाऊन सांगू का, का तक्रार खोटी निघाली? ठाणेदारापुढं शोभा होते आपली."

बादलनं मान वर केली. "मालक, तुमचा वायर कोण्या रंगाचा होता?"

"काळा. काहून?"

"ते मले इचारत होते, रंग सांग. मी लाल म्हटलं, मारलं. निळा म्हटलं, मारलं. काळा काही माह्या ध्यानात आला नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. नुसता राग होता. गुणवंतरावांनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, झालं ते वाईट झालं. मी ह्याले अकोल्याले पाठवतो, तिथं दवाखान्यात ओळख हाय माही. पण ठाण्यात नका जाऊ. पुरस्काराची यादी निघून राहिली. एक गुन्हा चढला का गाव बाद. अन् तुमी सांगणार काय? का मी कोऱ्या कागदाईवर सही केली? लोक तोंडात शेण घालतीन तुमच्या. मी तुमाले निवडून आणलं, माह्या तोंडाकडं तं पाहा."

"तुमच्या तोंडाकडेच पाहतेय मघापासून," मी म्हटलं. "सोमवारी सांजीपासून बुधवारी सांजीपर्यंत तुम्ही जेवलात का, गुणवंतराव?"

मी सातही कागद पिशवीत घातले आणि निघाले. शिपाई मागून ओरडत होता की फाईलमधले कागद बाहेर नेता येत नाहीत. मी नेले.

काळीपिवळी जीपनं तालुक्याला जायला पाऊण तास लागला. रस्त्याला खड्डे. प्रत्येक खड्ड्याला बादल डोळे मिटून घ्यायचा. कस्तुरानं त्याचा हात आपल्या मांडीवर, पदराच्या झोळीत धरला होता. माझ्या डोक्यात माझी मुलगी पल्लवी होती. पोलीस भरतीसाठी ती रोज पहाटे याच रस्त्यावर धावायची. अर्ज भरून झाला होता, मैदानी चाचणी महिन्यावर आली होती. खाकीशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मी तिच्या ठाण्यात भांडायला निघाले होते.

"या ताई," ठाणेदार राहाटे उठून म्हणाले. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. चहा सांगितला. कस्तुरा आणि बादल माझ्या मागून आत आले, त्यांच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"साहेब, मला बादलच्या साडूला भेटायचंय," मी म्हटलं.

"कोणाच्या?"

मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, घंटी वाजवली. गावंडे आत आला. मला पाहून हसला, मग कागद पाहिला आणि हसणं आवरलं.

"गावंडे, हा संजय चव्हाण कोण?"

"हा काय साहेब, ह्याचा साडू. बेड्यावरच राह्यते."

"मले बहीण नाही," कस्तुरा मागून म्हणाली.

"चुलत असन."

"चुलत बी नाही."

"मंग मावसबहीण असन. तुमच्यात काय कमी राह्यतात का बहिणी."

"माही माय एकटीच होती."

"मानलेली असन एखादी..."

"गावंडे, गप्प बसा," राहाटे म्हणाले. त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "ताई, लिहिण्यात चूक झाली. मी मान्य करतो. हा कागद रद्द करू. बाईचं समाधान होईल असा दुसरा करून देतो."

"दुसरा कागद नको. गुन्हा लिहा."

"कोणावर?"

"ज्यानं हात मोडला त्याच्यावर."

"ठाण्याच्या डायरीत सोमवार ते बुधवार बादल पवारची नोंद नाही, ताई. तो इथं आलाच नव्हता."

"म्हणजे बादल इथं नव्हता, साडू जगात नाही, आणि हात तेवढा मोडला."

"असंच दिसतं," ते शांतपणे म्हणाले. चहा आला. त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला. "ताई, तुम्ही शहाण्या आहात म्हणून बोलतो. गुन्हा लिहायचाच म्हटलं तर मला या कागदापासून सुरुवात करावी लागेल. खोटा दस्तऐवज. त्याच्यावर सही कोणाची? तुमची. समितीची अध्यक्ष, लोकांनी निवडून दिलेली बाई, घडलीच नाही ती तडजोड घडली म्हणून सही करते. आरोपी क्रमांक एक तुम्हीच. आणि तुमची मुलगी भरतीला बसली आहे ना? चारित्र्याचा दाखला इथूनच जातो. आईच्या नावावर गुन्हा असला की लोक विचारतात."

तो माणूस आवाज चढवून बोलला असता तर मी कदाचित घाबरले असते. तो समजावत होता. मी दोन वर्षं लोकांना असंच समजावत आले होते. बांधावर उभी राहून दोघांतला कमजोर कोण ते हेरायचं आणि त्यालाच चार शब्द जास्त सांगायचे, की मिटतं. मिटवायची माझी हातोटी तीच होती, आणि आता ती माझ्यावरच चालली होती.

"लिहा," मी म्हटलं.

"काय?"

"आरोपी क्रमांक एक. इंदू भारसाकळे. लिहा."

"ताई, रागात..."

"रागातच आहे. लिहा. मी जूनमध्ये अकरा कोऱ्या तडजोडनाम्यांवर सह्या केल्या. कुठं केल्या तेही लिहा, माझ्या चक्कीवर. पण साहेब, एवढ्यानं माझा गुन्हा पुरा होत नाही. कोरा कागद मी दिला. तो कोणाच्या हातात दिला, हे लिहावं लागेल. तो भरला कोणी, हेही लिहावं लागेल. त्याच्यात साडू घातला कोणी, आणि हात मोडलेला माणूस इथं आलाच नव्हता तर त्याचा हात मोडल्याचं ठाण्याला कळलं कसं, हेही. त्याशिवाय माझ्यावर गुन्हा चढायचा कसा? चढवा ना. माझ्यापासून सुरू करा आणि खाली उतरत या."

गावंडे म्हणाला, "साहेब, बाईचं डोस्कं फिरलं."

मी पिशवीतून बाकीचे सहा कागद काढून टेबलावर मांडले. प्रत्येकावर पंचायतीचा शिक्का, प्रत्येकावर माझी सही, प्रत्येकात गावंड्याचं अक्षर. "हे सात. बाकीचे चार कोरे अजून तुमच्या कपाटात आहेत, ते आजच जप्त करून पंचनामा करा. परवा ग्रामसभा आहे. हे सात मी तिथं वाचणार आहे. इथं लिहून घेतलं नाही तर उद्या जिल्ह्याला साहेबांकडे जाऊन माझ्यावर गुन्हा का लिहीत नाही म्हणून अर्ज देणार. स्वतःवर गुन्हा लिहा म्हणून मागं लागलेली बाई त्यांनीही पाहिली नसेल."

राहाट्यांनी कागद एकेक करून उलटून पाहिले. मग त्यांनी गावंड्याकडे पाहिलं. तो हिशेब मला कळला. मी आत गेले तर गावंडे आत जाणार होता, आणि गावंडे गेला तर तो एकटा जाणार नव्हता. पण मला ठाणेदारांनी स्वतःच्या तोंडानं आरोपी म्हटलं होतं. आता ते मागं घेणं त्यांना जड होतं, आणि लिहिलं नाही तरी सात कागद परवा गावापुढं वाचले जाणारच होते.

"रायटरला बोलवा," ते शेवटी म्हणाले.

लिहायला तीन तास लागले. रायटर दर ओळीला थांबून साहेबांकडे पाहायचा. मी दर ओळ वाचायची. "बादलला बोलावले" असं लिहिलं, मी म्हटलं, उचलून नेले लिहा. "दुखापत" लिहिलं, मी म्हटलं, मनगट आणि दोन बोटं लिहा. बादलनं सांगितलं तसं टेबल लिहायला लावलं, रंग विचारले ते लिहायला लावलं. आरोपी क्रमांक दोनवर गावंड्याचं नाव आलं तेव्हा रायटरचं पेन थांबलं. कस्तुरा म्हणाली, "लिहा ना साहेब. कोराच कागद हाय." पेन पुन्हा चालायला लागलं. मी शेवटी सही केली, वाचून.

त्यानंतर काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. पुरस्कार गेला. ग्रामसभेत मी सातही कागद वाचले, आणि अध्यक्षपदावरून मला काढायला जेवढे हात वर झाले तेवढे मला निवडतानाही झाले नव्हते. पहिला हात गुणवंतरावांचा. वर्षभर अर्धं गाव दळायला शेजारच्या गावी जात होतं. पल्लवीचा दाखला त्या वर्षी निघाला नाही, आणि पुढच्या वर्षी तिचं मनच राहिलं नाही. ती माझ्याशी सहा महिने बोलत नव्हती. गावंडे आठ महिने निलंबित राहून दुसऱ्या ठाण्यात रुजू झाला. राहाट्यांची बदली झाली, बढतीवर. खटला अजून चालू आहे. चौदा वर्षं झाली, तारखेला नाव पुकारलं की मी उठून उभी राहते. बादलची बोटं अकोल्यात बांधली पण पुन्हा मिटली नाहीत. त्याला हातोडी धरता येत नाही.

लोक मला विचारतात, पस्तावलीस का. नाही. त्या दिवशी ठाण्यातून बाहेर पडताना तर मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. व्हरांड्यात आले. कस्तुरा बादलच्या हाताला फडकं गुंडाळत होती. मी तिच्यापाशी थांबले. ती काहीतरी म्हणेल असं मला वाटत होतं, आणि मी त्यासाठीच थांबले होते.

"बाई," ती वर न पाहता म्हणाली, "तुमचं नाव आरोपीत लिहिलं ना?"

"लिहिलं."

"पह्यल्या नंबरावर?"

"हो."

तिनं दातानं फडक्याची गाठ आवळली. "तरी तुमाले खुर्ची होती," ती म्हणाली. "ह्याले तीन तास उभं ठेवलं."

मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू, त्या घडीला गावंड्याचा आला होता तेवढाच आला. मी पोरीचं भविष्य पणाला लावून आले होते, गावाशी वैर घेऊन आले होते, आणि हिला खुर्ची दिसत होती. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बादल भिंतीला पाठ घासत घासत खाली बसला, हात छातीशी धरून, आणि त्यानं डोळे मिटले.

ठाणेदाराच्या खोलीत माझ्या शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तीन तास त्या रिकाम्याच होत्या, आणि मी एकदाही त्याला बस म्हटलं नव्हतं.